एका मांडवात दहा नवरदेव

लग्नघरात नवरदेव एक असला म्हणजे सारे घर त्याच्याभोवती फिरते. त्याचा फेटा, त्याचे रुसणे, त्याचा कान पिळणारा मेहुणा, या साऱ्यांना त्या दिवशी मोल असते. कारण त्या दिवसापुरता मांडव त्याचा असतो. आता अशी कल्पना करा की, एकाच मुहूर्तावर, एकाच मांडवात, दहा नवरदेव दहा घोड्यांवरून आले आहेत. वाजंत्र्यांनी वाजवायचे कोणापुढे? सुवासिनींनी ओवाळायचे कोणाला? सामुदायिक विवाहाची गोष्ट निराळी. तेथे नवऱ्याही दहा असतात. आमच्या या मांडवात मात्र नवरी एकच आहे, आणि तिचे नाव कथा.

गेल्या बारा-तेरा वर्षांत चित्रपटाच्या पडद्यावर असली लग्ने वारंवार लागत आहेत. एका चित्रपटाला एक नायक हा हिशेब आता जुना झाला. हल्ली सहा, दहा, वीस नायक एकदम येतात. आणि तेही साधेसुधे नव्हेत. कोणी आकाशात उडणारा, कोणी वीज पाडणारा, कोणी रागावला की हिरवागार डोंगर होणारा! मुले त्यांना 'सुपरहीरो' म्हणतात. चित्रगृहे भरतात, शिट्ट्या वाजतात, आणि घरी परतल्यावर आई विचारते, "काय होती रे गोष्ट?" तेव्हा चिरंजीव गोष्ट सांगायची सोडून हजेरीपट वाचू लागतात.

हजेरीपट हा आम्हां प्राध्यापकांच्या रोजच्या जेवणातला पदार्थ; म्हणून माझे तिकडे विशेष लक्ष गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याचा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षे चौदा, आणि या विषयातला अधिकारी पुरुष. जेवताना त्याने एका चित्रपटातल्या एकोणीस नायकांची नावे मला एका दमात म्हणून दाखवली. मी विचारले,

"हे सगळे लढले कोणासाठी रे?"

"जगासाठी, मामा."

"मग त्या जगातला एखादा माणूस दाखवला का? एखादी भाजीवाली, एखादा पोस्टमन, शाळेत जाणारा मुलगा?"

त्याने हातातला घास हातातच ठेवून बराच वेळ विचार केला. "जग दाखवलं की," तो म्हणाला, "वरून."

त्या 'वरून'ने मला विचारात पाडले. नायक एक होता तेव्हा ज्याला वाचवायचे तोही आपल्याला दिसत असे. नायकांची गर्दी झाली, आणि वाचवायची माणसे पडद्याबाहेर ढकलली गेली. नवरदेवांनाच मांडव पुरेना, तेथे पाहुण्यांना पाट कोण मांडणार?

आमच्या पिढीतले काही लोक यावर मान हलवून म्हणतात, "ही सगळी परदेशी थेरं. नायक कसा एकच असावा." हे काही मला पटत नाही. ज्या देशात महाभारत जन्मले, त्या देशाने 'नायक फार झाले' अशी तक्रार करावी, हे शोभत नाही. आमच्याकडे पाच पांडव आहेत, शंभर कौरव आहेत, भीष्म-द्रोण-कर्ण आहेत, आणि सर्वांच्या वर हाती शस्त्र न धरणारा श्रीकृष्ण आहे. तरीही आजी ते आख्यान सांगत असे तेव्हा कोणा नातवाचा गोंधळ झाल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा दोष संख्येचा नव्हे. दोष असलाच तर मांडणीचा आहे, आणि ती मांडणी आपल्या पूर्वसूरींना अवगत होती.

पंचवटीतला धडा

नाशिककराला याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. गोदावरीचा पूल ओलांडला की पंचवटी. रामायणातला अरण्यकांडाचा ऐन गाभा आमच्या परंपरेने या परिसरात आणून ठेवला आहे. काळाराम मंदिरापाशी सीतागुंफा दाखवतात, पुढे तपोवन दाखवतात. यात्रेकरू हात जोडतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने त्र्यंबकेश्वरला जातात. पण कथा सांगण्याचा धंदा करणाऱ्याने तेथे जरा बसून विचार करावा, असे ते स्थळ आहे.

खर-दूषण चौदा हजार राक्षसांची सेना घेऊन चालून येतात. राम काय करतो? तो लक्ष्मणाला सांगतो, "सीतेला घेऊन गुहेत जा." लक्ष्मण हा काही कच्चा वीर नव्हे. पुढे इंद्रजिताला मारणारा तो हाच. परंतु या प्रसंगी कवीने त्याला दूर ठेवले. कारण हे युद्ध रामाचे आहे. राम एकटा उभा राहतो आणि चौदा हजारांचा निःपात करतो.

येथेच कवीपुढे पेच उभा राहतो. जो एकटा चौदा हजारांना पुरून उरतो, तो अंगणात असताना सीतेला पळवील कोण? आणि सीता पळवली गेली नाही तर पुढची सारी कांडे घडणार कशी? आजचा एखादा पटकथाकार अशा वेळी रावणाला आणखी वीस हात चिकटवील, आणि मोठी मारामारी लावून देईल. वाल्मीकीने तसे केले नाही. सोन्याचे हरिण रामाला घेऊन जाते. मारीचाची खोटी हाक लक्ष्मणाला घेऊन जाते. दोन्ही वीर आपापल्या स्वभावाप्रमाणे जातात. एक पत्नीच्या हट्टासाठी, दुसरा तिच्या जिव्हारी लागलेल्या शब्दासाठी. अंगण रिकामे होते.

आणि त्या रिकाम्या जागेत एक म्हातारा पक्षी येऊन उभा राहतो. राम-लक्ष्मण घरी असते तर जटायूला कोणी विचारले असते? ते नव्हते, म्हणून तो नायक झाला. पंख तुटेपर्यंत लढला, आणि रावण सीतेला दक्षिणेकडे घेऊन गेला हे रामाला सांगण्यापुरता जिवंत राहिला. त्याच्या मरणावाचून पुढचे पाऊल पडत नाही.

मला वाटते, नायकांच्या गर्दीचे सारे शास्त्र या एका प्रसंगात आहे. कथेत नायक तो, जो ऐन वेळी एकटा पडतो. दहा नायक जमवायला हरकत नाही. मात्र त्या दहांतल्या प्रत्येकाला एकदा तरी एकटे पाडण्याची युक्ती कथाकाराजवळ हवी. शेजारी नऊ बलवान मित्र उभे असताना दहाव्याने दाखवलेले शौर्य म्हणजे भरल्या सभेत गायलेले राष्ट्रगीत. सूर सर्वांचा एकच. कोणाचा आवाज कोणता, ते कळत नाही.

व्यासांचे वेळापत्रक

परीक्षेचे वेळापत्रक लावणे किती कठीण असते, ते महाविद्यालयात एकदा तरी लावलेल्या माणसाला विचारावे. एका खोलीत दोन विषय येता कामा नयेत, एका दिवशी दोन कठीण पेपर येता कामा नयेत. व्यासांनी अठरा दिवसांच्या युद्धाचे वेळापत्रक असेच लावले आहे. कौरवांचा सेनापती पहिले दहा दिवस भीष्म, पुढचे पाच दिवस द्रोण, मग दोन दिवस कर्ण, आणि शेवटच्या दिवशी शल्य. पर्वांची नावेसुद्धा त्यांच्याच नावांवरून पडली. म्हणजे गर्दीतही आज मांडव कोणाचा, हे श्रोत्याला पक्के ठाऊक असते.

कर्णाची गंमत तर पाहण्यासारखी आहे. भीष्म सेनापती असेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही, अशी त्याने प्रतिज्ञा केली; आणि हा महारथी पहिले दहा दिवस युद्धाबाहेर बसून राहिला. हे केवळ मानी माणसाचे रुसणे नव्हे. त्यात कथाकाराची सोय आहे. ग्रीकांच्या 'इलियड'मध्येही अकिलीस असाच रुसून तंबूत बसतो, आणि तो उठेपर्यंत इतर वीरांना आपापली तलवार चालवायला जागा मिळते. बलरामाला कोणत्याच पक्षाकडून लढायचे नव्हते, म्हणून तो तीर्थयात्रेला निघून गेला. बलराम रणांगणावर असता तर? भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे गदायुद्धातले शिष्य. गुरुजी समोर असताना शिष्यांच्या गदांना काय किंमत राहिली असती!

तेराव्या दिवसाची योजना तर अंगावर काटा आणते. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचे आहे. पण बाप अर्जुन जवळ असला तर त्या पोराच्या शिरण्याला अर्थ नाही. म्हणून संशप्तक अर्जुनाला आव्हान देऊन दूर ओढून नेतात. उरलेले चार पांडव पाठोपाठ शिरणार, तोच जयद्रथ त्यांना दारात अडवतो. एक दिवस अर्जुनाखेरीज इतर पांडवांना रोखण्याचा वर त्याला शंकराकडून मिळालेला असतो. एकेक दार बंद होत जाते, आणि अखेर व्यूहात सोळा वर्षांचा मुलगा एकटा उरतो. हजारो वर्षे आपण रडतो ते त्या एकटेपणासाठी.

शस्त्रांचेही तसेच. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी. ती अर्जुनासाठी जपून ठेवलेली. पण घटोत्कचाने रात्री असा कहर मांडला की ती त्याच्यावर खर्ची पडली. घटोत्कच मेला, अर्जुन वाचला, कर्णाचे मरण ठरून गेले. एका बाणाने तीन माणसांची दैवे फिरली. आजच्या पडद्यावर एका मिनिटात तीनशे स्फोट होतात, आणि कोणाचेच दैव फिरत नाही.

परदेशी मांडव

आता परदेशी चित्रपटांकडे वळू. हॉलिवूडच्या 'मार्व्हल' या संस्थेने २०१२ साली 'द अव्हेंजर्स' काढला. त्यात नायक सहा. परंतु त्याआधीच्या चार वर्षांत पाच चित्रपट काढून त्यांतल्या चौघा प्रमुखांची प्रेक्षकांशी रीतसर ओळख करून दिली होती. मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींनी आधी पत्रिका पाठवावी, तसे. शिवाय त्या चित्रपटाचा बराचसा भाग हे नायक शत्रूशी लढण्याऐवजी आपसांत भांडतात, आणि त्या भांडणातून प्रत्येकाचा स्वभाव उघडा पडतो. त्यांना एकत्र आणतो तो कोलसन नावाच्या एका साध्या सरकारी अधिकाऱ्याचा मृत्यू. अतिमानवांच्या मेळ्यात एक साधा माणूस मेला, तेव्हा कुठे गोष्टीला वजन आले.

पुढे गर्दी वाढतच गेली. २०१८ सालच्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये नायकांची संख्या वीसच्या पुढे गेली. तरी तो चित्रपट कळतो. का कळतो, ते पाहिले तर व्यास-वाल्मीकींचीच पद्धत दिसते. त्यांनी नायकांच्या तुकड्या करून त्या निरनिराळ्या ठिकाणी पाठवल्या. हल्क हा सर्वांत बलवान. त्याने पहिल्याच मारानंतर अंगात यायचेच नाकारले. दोन नायक तर नजरकैदेत आहेत असे सांगून घरीच बसवले, म्हणजे बलरामाची तीर्थयात्राच! आणि कथेचा धागा नायकांच्या हाती न देता थानोस या खलनायकाच्या हाती दिला. काय हवे, त्यासाठी काय किंमत मोजायची, हे सारे त्याला ठाऊक. म्हणून वीस नायकांच्या गर्दीत प्रेक्षक त्या एकाच्या मागून चालत राहतो.

शेवटी थानोस चुटकी वाजवतो, आणि निम्मी सृष्टी नाहीशी होते. त्या चुटकीने नायकही निम्मे नाहीसे झाले, आणि २०१९ सालच्या 'एंडगेम'मध्ये २०१२ चे मूळ सहा जण नेमके शिल्लक राहिले. कथाकाराने मांडव झाडून घेतला, तो असा! तीन तासांच्या त्या चित्रपटात शेवटी सारी मंडळी परत येतात, मोठा जल्लोष होतो. पण अखेरचा निर्णय एकट्या टोनी स्टार्कला घ्यावा लागतो, आणि तो घेताना त्याचे प्राण जातात. तेवढ्या क्षणासाठी लोकांनी बाकीची गर्दी सोसली.

ज्यांना ही युक्ती साधली नाही, त्यांची गत पाहा. २०१७ सालचा 'जस्टिस लीग' दोन तासांचा होता. दिग्दर्शक झॅक स्नायडर घरच्या आपत्तीमुळे मध्येच बाजूला झाले, आणि काम दुसऱ्याने पुरे केले. त्यातल्या फ्लॅश, ॲक्वामॅन आणि सायबॉर्ग या तिघांचे स्वतंत्र चित्रपट तोवर निघालेच नव्हते. ओळख, मैत्री, भांडण आणि विजय, सारे दोन तासांत उरकायचे. म्हणजे साखरपुडा, लग्न आणि बारसे एकाच दुपारी! २०२१ साली स्नायडर यांनी तोच चित्रपट चार तासांचा करून पुन्हा दाखवला. नायक तेच, शत्रू तोच. पण सायबॉर्ग या मुलाचे आपल्या बापाशी असलेले दुखरे नाते आता पडद्यावर आले, आणि गर्दीतला एक चेहरा एकदम माणसाचा झाला. मात्र चार तास हा काही सर्वांना परवडणारा उपाय नव्हे. मध्यंतरात दोनदा बटाटेवडे खाणाऱ्या आम्हां लोकांनाही तो जड जातो.

त्याच वर्षीच्या 'इटर्नल्स'मध्ये तर अडीच तासांत दहा नवे नायक एकदम दाखवले. सारे अमर, सारे समर्थ. मला त्यातला लक्षात राहिला तो करुण, किंगो या नायकाचा साधा भारतीय सेवक. आपल्या हरीश पटेलांनी ते काम केले आहे. दहा अमरांच्या मेळ्यात मरणारा माणूस तेवढा एकच, म्हणून डोळा त्याच्याकडे जातो.

आपल्या घरचे कार्य

हिंदीतही हे लोण आले, आणि आले तेही मराठी नावे घेऊन. रोहित शेट्टी यांच्या पोलीस-नायकांची नावे पाहा: बाजीराव सिंघम, संग्राम भालेराव, वीर सूर्यवंशी. हजेरी घेताना सारा वर्ग आपलाच वाटावा! २०११ सालच्या 'सिंघम'मध्ये नायक एक होता, त्याला छळणारा जयकांत शिक्रे एक होता, आणि न्याय मागणारी एका निरीक्षकाची विधवा होती. गावात वाघ असलेला हा अधिकारी बदली होऊन जयकांतच्या मुलुखात येतो, आणि तेथे एकटा पडतो. म्हणून ती गोष्ट सर्वांना उमगली.

२०२४ च्या दिवाळीत आलेल्या 'सिंघम अगेन'मध्ये अजय देवगण, रणवीर सिंग, अक्षय कुमार, टायगर श्रॉफ, दीपिका पदुकोण असे सारे एकत्र आले, आणि कथेला आधार घेतला तो रामायणाचा. नायकाच्या पत्नीचे हरण होते, शोध लंकेपर्यंत जातो, कोणी हनुमानाच्या जागी, कोणी लक्ष्मणाच्या, कोणी जटायूच्या. कल्पना उत्तम. पण रामायणाचा सांगाडा घेताना त्यातली काटकसर मात्र राहून गेली. रामायणात समुद्र ओलांडणारा हनुमान, सेतू बांधणारा नल, शत्रूच्या घरातली गुपिते सांगणारा बिभीषण. एकाचे काम दुसऱ्याला येत नाही. चित्रपटात मात्र प्रत्येक नायक तेच एक काम करतो: थाटात प्रवेश, मग मारामारी. टाळ्या सर्वांना सारख्या वाटल्या, आणि जोखीम कोणाच्याच वाट्याला आली नाही. एखाद्या घरी पाच सुना एकदम येऊन पाचही जणींनी पुरणपोळ्याच केल्या, तर जेवण गोड होईल खरे. पण आमटी कोणी करायची?

यात कथाकारालाच दोष देणे योग्य नाही. मोठा नट येतो तो आपल्या चाहत्यांसह येतो, आणि त्यांना आपल्या दैवताचा हक्काचा वेळ हवा असतो. पटकथाकार मग कथा लिहीत नाही, तो वाटणीपत्र लिहितो.

दोन सम्राट आणि एक नाटक

मोठ्या नटांच्या गर्दीचा प्रश्न मराठी माणसाला नवीन नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन सम्राट, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. प्रेक्षकांचे दोन तट होते, मानापमानाची भीती नाटकाच्या नावातच होती. पण प्रयोगाची कीर्ती आजही सांगितली जाते. त्याचे एक कारण असे की, त्या दोघांसाठी कोणी नवे नाटक बेतले नव्हते. खाडिलकरांचे नाटक १९११ पासून उभे होते. त्यात धैर्यधर हा धैर्यधर होता, भामिनी ही भामिनी होती. केशवराव एकात शिरले, बालगंधर्व दुसरीत. दोघांना एकमेकांवाचून आपले काम करताच येत नव्हते. आधी पात्र, मग नट, हा क्रम होता.

आमच्या नाशिकचे दादासाहेब फाळके यांच्यापुढे तर याच्या अगदी उलट अडचण होती. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये याच साळुंक्यांनी रामाचेही काम केले आणि सीतेचेही! तेव्हा दोन भूमिकांना मिळून एक नट होता. आज एका भूमिकेला दहा नट आहेत. तरी लोकांना राम कोणता आणि सीता कोणती हे कळत असे, कारण कथेत दोघांची दुःखे वेगळी होती.

वर्गात मी कधी कधी एक खेळ खेळतो. एखाद्या चित्रपटातल्या साऱ्या पात्रांची नावे फळ्यावर लिहितो आणि एका विद्यार्थ्याच्या हाती डस्टर देतो. त्याने एक नाव पुसायचे, आणि बाकीच्यांनी सांगायचे की आता गोष्ट कोठे अडली. अतिमानवांच्या चित्रपटांत पाच-सहा नावे पुसली तरी वर्ग शांत असतो. मग मी 'अशी ही बनवाबनवी' लिहितो. १९८८ सालचा हा चित्रपट. अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत बेर्डे, आणि त्यांच्याभोवती केवढी मंडळी! पण सर्वांचा पेच एकच: पुण्यात राहायला जागा हवी, आणि लीलाबाई काळभोर जागा देणार फक्त विवाहितांना. कोणी डस्टर उचलले रे उचलले की वर्ग ओरडतो, "नाही सर, त्याला नका पुसू!" कारण परश्या पुसला तर पार्वती गेली, सुधीर पुसला तर सुधा गेली, आणि लीलाबाई पुसल्या तर चित्रपटच गेला. या मंडळींत अतिमानव एकही नाही. पण प्रत्येकाची साडी सुटण्याची भीती खरी आहे.

खिंडीतली माणसे

हा विषय केवळ करमणुकीचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण तो आता आपल्या इतिहासापाशी येऊन ठेपला आहे. दिग्पाल लांजेकर यांनी 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३) असे शिवकालावरचे चित्रपट ओळीने दिले, आणि घरोघरची मुले मावळ्यांची नावे पाठ म्हणू लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु येथे कथाकाराची अडचण अतिमानवांहून बिकट आहे. काल्पनिक नायक वगळला तर कोणाच्या पोटात दुखत नाही. स्वराज्यासाठी मेलेला माणूस वगळला तर त्याच्या गावाला, घराण्याला दुखते. आणि ते दुखणे खोटे नव्हे. एक नाव वगळले तर अन्याय होतो. सगळी नावे एका दमात घेतली तर एकही लक्षात राहत नाही, हाही अन्यायच.

यातून वाट कशी काढावी, ते त्या इतिहासानेच सांगून ठेवले आहे. जुलै १६६० मधली पन्हाळ्याची रात्र डोळ्यांपुढे आणा. पालखीत महाराजांचा वेष करून बसलेला शिवा काशीद. त्याला ठाऊक आहे की आपण पकडले जाणार. घोडखिंडीत बाजीप्रभू, फुलाजी आणि बांदलांचे मावळे. त्यांना ठाऊक आहे की विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत हलायचे नाही. आणि पुढे गेलेले महाराज. त्यांना ठाऊक आहे की आपण मागे कोणाला सोडून आलो. तिन्ही ठिकाणी धैर्य आहे, पण तिन्हींची जागा वेगळी, घटका वेगळी, किंमत वेगळी. यांतले एक जरी पुसले तरी राजा गडावर पोचत नाही. नायक अनेक, आणि प्रत्येक जण आपल्या ठिकाणी एकटा. व्यासांनाही हेवा वाटावा अशी ही मांडणी काळाने स्वतः केली आहे.

आपल्या शाहिरांना हे कळले होते. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा केला, तुळशीदासाने तानाजीच्या सिंहगडाचा. साऱ्या वीरांना एका पोवाड्यात कोंबून त्यांनी डफ वाजवला नाही. एका वीराला एक रात्र दिली. म्हणून तीनशे वर्षांनंतरही ती रात्र उजाडलेली नाही.

उद्याच्या लेखक-दिग्दर्शकांनी एवढे जपले तरी पुष्कळ झाले. एका चित्रपटात पन्नास मावळे दाखवण्याच्या हौसेने प्रत्येकाला एक आरोळी आणि एक तलवारीचा हात द्यायचा, म्हणजे त्यांचा सन्मान केला असे होत नाही. आपल्या मुलांना त्यातून एवढेच कळेल की, शूर माणूस म्हणजे जो धुरातून संथ पावले टाकीत येतो तो. येणे सोपे असते. इतर सगळे पुढे गेल्यावर मागे थांबणे कठीण असते, आणि मुलांना शिकवायचे ते हेच.

या दिवाळीत फराळाची ताटे रिकामी झाली की पुष्कळ घरांतून चित्रपटाचा बेत ठरेल. अवश्य जा, मुलांना घेऊन जा. नायक सहा असोत की सव्वीस, शिट्ट्या वाजवायच्या तर त्याही वाजवू द्या. फक्त परतताना, रिक्षात दाटीवाटीने बसल्यावर, हळूच विचारा: "त्या सगळ्यांतला एक जण त्या दिवशी आलाच नसता, तर काय अडलं असतं?" पोरगे लगेच उत्तर देऊ लागले, हातवारे करू लागले, तर समजा की तिकिटाचे पैसे वसूल झाले. ते गप्प बसले, तर घरी गेल्यावर दिवा मालवण्याआधी त्याला अभिमन्यूची गोष्ट सांगा. ती सांगायला तीन तास लागत नाहीत.